टिळ्याची जागा

रविवार, २२ सप्टेंबर

तिकिटांच्या एका एजंटने जानेवारीत ऑफिसात डायऱ्या वाटल्या होत्या. माझी अजून कोरीच आहे. लिहिणार काय? सकाळी नानांच्या गोळ्या, रात्री नानांच्या गोळ्या, मधल्या वेळात भांडुपहून पवईला जाऊन साहेब लोकांची विमानाची तिकिटं काढायची. मी स्वतः अजून विमानात बसलेली नाही, हे मात्र ऑफिसात कोणाला सांगत नाही.

शुक्रवारी दर्शना मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कोइंबतूरला कंपनीचं नवं ऑफिस उघडतंय. तिथलं प्रवासाचं सगळं खातं सांभाळायला त्यांनी माझं नाव दिलंय. राहायला कंपनीचं घर, हाताखाली माणसं. पंधरा नोव्हेंबरपर्यंत होय की नाही ते सांगायचं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. त्रेचाळीस वर्षांची बाई, आणि उत्तर सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीचं.

घरी तरी विचारणार कोणाला? आई गेली. नाना माझे वडील, पण दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला तेव्हापासून डावा हात नुसता लोंबतो आणि डोकं कधी जाग्यावर असतं, कधी नसतं. गॅस चालू ठेवून विसरतात. मला आईच्या नावाने, रत्नप्रभा म्हणून हाक मारतात. राहिला धाकटा भाऊ सिद्धेश. तो आणि त्याची बायको दीप्ती आज बोरिवलीहून आले होते. चहा संपायच्या आत त्याने निकाल लावून टाकला. नानांना तो नेईल, पण त्यांच्यासाठी दिवसभराचा माणूस लागेल आणि जागा थोडी मोठी लागेल. त्याला पैसे हवेत, म्हणजे गाडी विकायची. गाडी विकली गेली तर ताई मोकळी, नाही गेली तर नाही. पितृपंधरवड्यात असले विषय नकोत, असं दीप्ती म्हणाली, पण तोवर बोलून झालं होतं. नाना कॉटवर डोळे मिटून पडले होते. त्यांना तसंही हल्ली फारसं कळत नाही.

गाडीबद्दल लिहायला हवं. शेवरोले इम्पाला, सदुसष्ट सालची, रंग एके काळी आकाशी. नाना मलबार हिलवरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठची मुलं परदेशी गेली, शेठ थकले आणि त्यांनी गाडी कागदपत्रांसकट नानांना देऊन टाकली. नानांनी ती स्वतः चालवत भांडुपला आणली, तेव्हा चाळीतली पोरं मागे धावत होती. आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड बांधून तिथे उभी केली. पुढे शेजारच्या बाळाकाकांनी मोरी वाढवली आणि वाटेत भिंत घातली. त्या दिवसापासून गाडीला बाहेर पडायला वाट नाही. कोणी काही बोललं नाही. भिंत उभी राहिल्यावर काय बोलायचं?

बुधवार, २५ सप्टेंबर

सिद्धेशने कुठून तरी प्रीतम नावाचा माणूस शोधलाय. विक्रोळीत त्याचं गॅरेज आहे आणि जुन्या गाड्या गोळा करणाऱ्या श्रीमंतांसाठी तो गाड्या पारखून देतो. त्याने मला जेवणाच्या सुट्टीत फोन केला. पहिला प्रश्न, इंजिन कुठलं आहे? मी म्हटलं, जे होतं तेच आहे. तो हसला. म्हणाला, सगळे हेच सांगतात. पेट्रोल परवडेना म्हणून निम्म्या मुंबईने या गाड्यांतली इंजिनं काढून डिझेलची बसवली. मूळ इंजिन असलं तरी त्याचा ब्लॉक, म्हणजे लोखंडी सांगाडा, लहान असतो किंवा मोठा. किंमत सगळी त्यावर.

ओळखायचं कसं, ते त्याने छान समजावलं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची लांबट झाकणं असतात. एका झाकणाला चार बोल्ट असले तर लहान ब्लॉक. सात असले तर मोठा. मला आवडलं हे. माणसांचंही असं झाकणावरून कळायला हवं होतं.

रविवार, २९ सप्टेंबर

शेडची किल्ली नानांच्या कडदोऱ्याला असते. आंघोळीतही काढत नाहीत. मागितली तर म्हणाले, मी येतंय. काठी टेकत माझ्याबरोबर आले. गाडीची चालकाची बाजू भिंतीला एवढी लागलीय की दार वीतभरच उघडतं. बॉनेट दोघांनी मिळून उचललं. डावा हात चालत नसतानाही त्यांनी आतली कडी बरोबर चाचपून काढली.

मी बोल्ट मोजले. सात. पलीकडच्या झाकणाचे मोजले. सात. आमच्या घरात एखादी गोष्ट सांगितल्यापेक्षा मोठी निघाल्याची ही पहिलीच वेळ. मी नानांना म्हटलं, तुम्ही डिझेल इंजिन का नाही हो बसवलंत? ते म्हणाले, शेठ म्हणत होते बसव, मी बसवूक देवक नाय. मग बराच वेळ इंजिनाकडे बघत उभे राहिले.

फोटो पाठवल्यावर प्रीतमने लागोपाठ पाच मेसेज केले. मोठा ब्लॉक, मूळचा, मुंबईत क्वचितच राहिलेला. जी रक्कम त्याने सांगितली त्यात सिद्धेशला बोरिवलीत आणखी एक खोली मिळेल. पण एक अट. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, पंख्याच्या मागे, बोटभर सपाट जागा असते. तिथे कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. तो गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. त्याचा फोटो हवा.

ती जागा मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे तिला टिळ्याची जागा म्हणतात. दसऱ्याला नाना इंजिनाला हळदकुंकू लावतात ते तिथेच, कारण बाकी सगळीकडून ते ओघळतं. इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू आणि तेल मिळून तिथे चांगला थर साचलाय. नखाने खरवडलं तेव्हा खाली एक अक्षर आणि एक शून्य दिसलं. तेवढ्यात नाना म्हणाले, माका उभा रवाक होत नाय. मग त्यांना घेऊन घरी आले. फोटो पुढच्या रविवारी काढीन.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

घरात कॅमेरा बसवलाय, तो ऑफिसातून फोनवर दिसतो. नानांवर लक्ष राहावं म्हणून. दिवसातून कितीदा बघते त्याची लाज वाटते. ते बहुतेक वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतात. आज दुपारी कॉट रिकामी दिसली. बाळाकाकांना फोन केला तर म्हणाले, शेडीत हा, काळजी करू नको. पुढे म्हणाले, नाना सकाळी विचारत होता, कोइंबतूर खंय इला, गाडीन जावक किती दिवस लागतत. मला नवल वाटलं. टीव्हीवर ऐकलं असेल कुठेतरी.

प्रीतमने फोटोची आठवण केली. रविवारी काढते म्हटलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

रविवारी फोटो राहूनच गेला. डबे घासले, नवरात्राचं आवरलं, नानांचे केस कापून घेतले. शेडमध्ये जायला निघाले तर अंधार पडला होता. प्रीतमला कळवलं. त्याने म्हटलं, असू दे ताई, वीस तारखेला मी स्वतःच येतो, तेवढं पुसून ठेवा म्हणजे वाचता येईल.

पुसायचं काम नानांकडे दिलं. त्यांनाही विरंगुळा आणि मलाही तास दोन तास मोकळे. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून डिझेलची बाटली आणि जुन्या परकराचे तुकडे दिले. वर म्हटलं, दसरा आलाच आहे, चकचकीत करा. ते खुशीत होते. म्हणाले, पॉलिश पेपर हाड. मी येताना घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, लाकडाला की लोखंडाला? मी म्हटलं, लोखंड चमकवायचंय. त्याने बारीक दाण्याचा दिला. नानांनी बोट फिरवून बघितलं आणि परत केला. खरखरीत हाड म्हणाले, सगळ्यांत खरखरीत. म्हातारपणचे हट्ट. परत जाऊन बदलून आणला.

दोन दिवस ते शेडमध्ये घासत बसलेत. चेहऱ्यावर तजेला आलाय. झटक्यानंतर असे कधी दिसले नव्हते. मी कोइंबतूरच्या घराचे फोटो बघितले. गॅलरी आहे. गॅलरीत एक खुर्ची ठेवता येईल. एकच.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

पूजा झाली. इंजिन काय चमकत होतं! टिळ्याच्या जागेवर नानांनी या वेळी हळदकुंकवाचा जाड लेप दिला आणि वर झेंडू टेकवला. मी म्हटलं, नाना, एवढं कशाला, नंबर झाकला ना. ते म्हणाले, देवाक उघडो ठेवू नये. बाळाकाका आले, सोनं दिलं, नारळ फोडला. नानांनी बॉनेट खाली घेतलं आणि कडी लावली. सिद्धेशचा फोन आला. त्याने मोठ्या जागेचं बघायला सुरुवात केलीय म्हणे.

मी दर्शना मॅडमना शुभेच्छा पाठवल्या. त्यांनी विचारलं, ठरलं का? मी नमस्काराचे हात पाठवले. नमस्काराचा अर्थ काहीही होऊ शकतो.

रविवार, २० ऑक्टोबर

कसं लिहू? क्रमानेच लिहिते.

प्रीतम अकराला आला. तिशीचा मुलगा, पायात पांढरे बूट, पण गाडी बघताच आवाज खाली आला त्याचा. सिद्धेश आणि दीप्ती होतेच. त्याने गाडीला आधी हात लावला नाही, नुसती चक्कर मारायला बघितली. भिंतीमुळे तीही पुरी होईना. बोल्ट मोजले. मग काठीला लावलेला छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन इंजिनाच्या मागे घातली. तिथे साच्यातून आलेला, उठावाचा नंबर असतो. तो वाचून त्याने फोनमध्ये ताडून पाहिला आणि म्हणाला, सदुसष्टचाच मोठा ब्लॉक, शंभर टक्के. सिद्धेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला असेल.

मग प्रीतम पुढे आला. टिळ्याच्या जागेवरचा सुकलेला लेप त्याने फडक्याने पुसला. पुन्हा पुसला. बॅटरी आडवी धरून वाकून पाहिलं. मीही पाहिलं. तिथे काही नव्हतं. अक्षर नाही, शून्य नाही, नवीन ताटासारखी गुळगुळीत जागा. आणि तिच्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे.

प्रीतमने बॅटरी विझवली. मग म्हणाला, "ताई, मागचा नंबर सांगतो इंजिन कुठल्या जातीचं. पुढचा सांगतो ते याच गाडीचं. पुढचा घासलेला असला की आमच्या धंद्यात त्याला एकच नाव आहे, चोरीचा माल. कोणी हात लावणार नाही आणि आरटीओ नावावर करून देणार नाही." पुस्तकात नंबर आहे ना, असं सिद्धेश म्हणाला. प्रीतम म्हणाला, पुस्तकात आहे, लोखंडावर नाही, आता कशाशी जुळवणार?

सिद्धेशने कोणी घासलं म्हणून विचारलं. नाना दाराशी खुर्चीवर बसले होते. ते माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, चकचकीत कर म्हणाला ना जान्हवी, केलंय. सिद्धेश त्यांच्यावर ओरडू शकत नव्हता, तो माझ्यावर ओरडला. पॉलिश पेपर कोणी आणून दिला? खरखरीत? तुला अक्कल आहे का? दीप्ती त्याचा हात ओढत होती. तो म्हणाला, तुला जायचंच नव्हतं तर तोंडाने सांगायचंस.

हे मला फार लागलं. मी काय मुद्दाम केलं? त्यांना घासायला देऊन मी दोन तास जरा पाठ टेकली, तेवढाच माझा गुन्हा. नानांना काय कळतं! मी स्वतः त्यांच्या हातात हत्यार दिलं आणि वर शाबासकी दिली. सगळे गेल्यावर मी जेवायला वाढलं. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. मी पोटभर जेवले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

ऑफिसला गेले. अकरा तिकिटं काढली, त्यातली तीन कोइंबतूरची.

रविवार, २७ ऑक्टोबर

सिद्धेशचा फोन नाही. दिवाळीला तो दीप्तीच्या माहेरी जाणार, हे दीप्तीने मेसेजवर कळवलं.

प्रीतमचा मात्र आला. मुलगा भला आहे. तो कोणाकोणाशी बोललाय. घासलेला नंबरही पुरता जात नाही म्हणे. ठोकताना लोखंड आतपर्यंत दबतं, आणि तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत आम्ल लावून तो पुन्हा वर आणतात. मूळ मालकाने स्वतः लिहून द्यायचं, की हे मी केलं, अमुक कारणाने केलं, आणि अर्ज करायचा. नंबर उमटला की आरटीओ मान्य करतं. वेळ लागेल, किंमत थोडी उतरेल, पण विकली जाईल. त्याने विचारलं, नाना लिहून देतील का?

मी म्हटलं, नानांना समजण्यासारखं नाही ते. आणि या वयात त्यांना सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या कशाला चढायला लावायच्या? तो म्हणाला, ठीक आहे ताई, विचार करा. त्याचा आरसा आमच्याकडे राहिलाय, तो कधीतरी घ्यायला येईन म्हणाला.

सिद्धेशला हे सांगायला हवं. पण तो फोन करत नाही तर मी का करू?

शनिवार, ९ नोव्हेंबर

नानांना सहामाही तपासणीला मुलुंडला नेलं. नवीन डॉक्टर होत्या, दोन वेण्या घातल्या तर शाळेत खपतील अशा. त्यांनी नानांना शंभर प्रश्न विचारले. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, ही तीन नावं लक्षात ठेवा. नाना नेहमीसारखे भांबावून माझ्याकडे बघत होते. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का?

पाऊण तासाने मला आत बोलावलं. डॉक्टर हसत होत्या. म्हणाल्या, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हाताला व्यायाम हवा, दुपारचं जेवण कोणी दिलं आणि दिवसातून दोनदा कोणी डोकावलं तर हे एकटेसुद्धा राहू शकतील. मी म्हटलं, अहो, गॅस चालू ठेवतात. त्या म्हणाल्या, तुम्ही बाहेर असताना मी तेही विचारलं. कधी ठेवतात, ते त्यांनाच विचारा.

मला डॉक्टरांचा राग आला. ज्याला माणूस सांभाळायला लागत नाही त्याला सल्ला द्यायला काय जातं?

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, नाना, तुम्हाला सगळं कळत होतं? ते बाहेर बघत होते. मी पुन्हा विचारलं, टिळ्याच्या जागेखाली नंबर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं? तेव्हा त्यांनी तो नंबर म्हणून दाखवला. अक्षरं, आकडे, सगळा, न अडखळता. आणि म्हणाले, "नंबर गेलो, गाडी रवली. गाडी रवली म्हणान तू रवलंस."

मला संताप यायला हवा होता. माझ्या बापाने मला घरात ठेवण्यासाठी हाताने घासून घासून कुलूप लावलं, आणि मी त्याला खरखरीत कागद आणून दिला. संताप आलाही, नाही असं नाही. पण त्याच्याआधी काहीतरी आलं होतं. जिना चढायला नको, लिफ्ट चालू झालीय, असं कोणी सांगितल्यावर पाय कसे सैल पडतात, तसं. मी ते लगेच झटकलं.

घरी येऊन त्यांना विचारलं, आणि गॅस? ते म्हणाले, तू मुलुंडाक नाट्यगृहाक जावक निघालं होतंस, त्या दिवशी. आणि दर्शना मॅडमच्या घरी जेवण होतं त्या दिवशी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

संध्याकाळी आले तर नाना कॉटवर ताठ बसले होते, शर्ट घालून, दाढी करून. कॅमेऱ्याकडे तोंड करून. प्रीतम दुपारी त्याचा आरसा न्यायला आला होता. नानांनी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं आणि त्याने सगळं सांगितलं. नानांना समजणार नाही असं मी म्हटलं होतं, तेही.

टेबलावर कागद होता. उजव्या हाताने लिहिलेला, मोठ्या वळणदार अक्षरांत, शाळा सोडल्यावर बहुधा पहिल्यांदाच एवढं लिहिलं असेल. इंजिनाचा नंबर मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढला, दुसऱ्या कोणाचा यात हात नाही, मुलगी परगावी जाऊ नये म्हणून केलं. खाली सही.

मी म्हटलं, शेवटचं वाक्य खोडा, सरकारी कागदावर असलं काही लिहितात का? ते म्हणाले, कारण लिवक सांगल्यान. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "शेठ माका म्हणाले होते, तुझी गाडी, तू ने. मी आणून ह्या पत्र्यात ठेवलंय. तसाच तुझा केलंय. चुकलंय गो. आता जा."

मी रडायला लागले. रडता रडता बोलत होते. मी गेल्यावर तुमचं जेवण? बाळ्याची सून डबो देता, मी विचारलंय. सिद्धेशकडे करमणार आहे का तुम्हाला? मी खंय जातंय सिद्धेशकडे, मी हयच रवतंय. गोळ्या? त्यांनी खिशातून डबी काढून दाखवली, वारांच्या खणांची, प्रीतमकडून मागवून घेतलेली. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. परीक्षेला बसल्यासारखी तयारी केली होती त्यांनी, आणि मी एकामागून एक प्रश्न काढत होते. शेवटी म्हटलं, सगळं खरं, पण नाना, गाडी निघणार कुठून? बाळाकाकांची भिंत आहे ना वाटेत.

नानांनी विचारलं, बाळ्याक इचारलंस कधी?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

उद्या मॅडमना उत्तर द्यायचं. सिद्धेशला काल फोन केला, सगळं सांगितलं. तो सॉरी ताई म्हणाला. अर्जाचं तो बघणार आहे. नानांना आपल्याकडे नेऊ का, असंही त्याने दोनदा विचारलं. नाना नको म्हणाले.

आज ऑफिसातून लवकर निघाले आणि बाळाकाकांकडे गेले. ते ओट्यावर मासे साफ करत होते. मी उभ्याउभ्याच विषय काढला. इतकी वर्षं आम्ही त्या भिंतीबद्दल घरात हळू आवाजात बोलत आलो. आई तर भिंतीकडे न बघता जायची. मी म्हटलं, काका, गाडी बाहेर काढायची वेळ आली तर, म्हणजे समजा आलीच तर, तुमच्या मोरीच्या भिंतीचं काही करता येईल का?

काकांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, "ही भित? अगो, मोरी कधीची आत घेतलंय. ही नुसती उभी हा. नाना काय बोलाक नाय, तुमी कोण काय बोलाक नाय, माका वाटला तुमकाच व्हयी आसात, शेडीक आडोसो." अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाले. उद्या सकाळी गवंड्याला बोलावतो, हवं तर आत्ता संध्याकाळीच दोन पोरं घेऊन हातोडे घालतो.

मी ओट्यावर बसले. समोर ती भिंत होती, शेवाळलेली, वर कोणीतरी तुळशीचं डबडं ठेवलेलं. पलीकडे पत्र्याच्या फटीतून गाडीचं नाक दिसत होतं. आमच्या खिडकीत नाना उभे होते. ते इकडेच बघत होते आणि मला दिसू नये म्हणून पडद्याआड सरकले.

काकांनी विचारलं, "बोल गो, कधी पाडूया?"

मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारून, ते काकांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.